जुन्या रहस्यपटांत कोण दिसते आणि कोणाचे ऐकले जाते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगर या भागांतली काही मराठी कुटुंबे अधूनमधून एकत्र बसून जुने गुप्तहेरपट आणि रहस्यपट पाहतात, आणि चित्रपट संपून चहा फिरू लागला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. त्यांतल्या बहुतेकांचा रोख एकच असतो: या चित्रपटांत कोणत्या माणसांना जागा मिळाली, कोणत्या नाही, आणि मिळाली ती कशी. त्या प्रश्नांची उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत.

'जुने' म्हणजे नेमके किती जुने?

साधारणपणे १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे. भर हिंदीवर आहे, कारण इंदूरच्या चित्रपटगृहांत आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी मुख्यतः तेच पाहिले. पण मराठी, बंगाली, अमेरिकी आणि ब्रिटिश चित्रपटही गरजेप्रमाणे आले आहेत.

उत्तरे वाचून रहस्य फुटेल का?

नाही. कथेचा ओघ सांगितला आहे, एखाद्या बळीचे नावही आले आहे, परंतु अखेरीस गुन्हेगार कोण ठरतो हे एकाही उत्तरात सांगितलेले नाही.

त्या काळच्या चित्रपटांना आजची फूटपट्टी लावणे अन्यायाचे नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुधा थोड्या नाराजीनेच विचारला जातो. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आज आपल्याला जे खटकते ते तेव्हा कोणालाच खटकत नव्हते, हे गृहीतच बरोबर नाही. अमेरिकेत चिनी गुप्तहेराची भूमिका गोऱ्या नटांना देण्याची पद्धत रूढ असतानाच, १९४० साली, 'फँटम ऑफ चायनाटाउन' या चित्रपटात ती भूमिका केई ल्यूक या चिनी वंशाच्या नटाला मिळाली. इंग्लंडमध्ये नॉटिंग हिलच्या वांशिक दंगलींना जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा बेसिल डिअर्डन यांनी 'सफायर' (१९५९) काढला. त्यात खून झालेली तरुणी गोरी म्हणून वावरत होती, प्रत्यक्षात मिश्र वंशाची होती, आणि तपास पुढे सरकतो तसा एकेका सभ्य माणसाच्या मनातला वर्णद्वेष बाहेर पडत जातो. म्हणजे फूटपट्टी त्या काळातही होती. ती हातात घेणारे थोडे होते.

दुसरे उत्तर रहस्यपटाच्या घडणीतच आहे. कौटुंबिक किंवा पौराणिक चित्रपटात पूर्वग्रह असले तर ते कथेच्या कडेला असतात. रहस्यपटात मात्र ते यंत्राच्या आत बसवलेले असतात, कारण प्रेक्षकाचा संशय चुकीच्या माणसाकडे वळवल्याशिवाय रहस्य टिकत नाही, आणि संशय वळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे प्रेक्षकाच्या मनात ज्यांच्याविषयी आधीच किंतु आहे अशा माणसांना पडद्यावर फिरवणे. मद्य पिणारी बाई, गालावर व्रण असलेला नोकर, बारीक डोळ्यांचा दुकानदार यांच्यावर कॅमेरा क्षणभर रेंगाळला की आपले काम आपण स्वतःच करतो. म्हणून जुना रहस्यपट हा दिग्दर्शकाइतकाच त्या काळच्या प्रेक्षकाचाही जबाब असतो.

मग पाहताना लक्ष कशाकडे द्यावे? किती पात्रे कोणत्या समाजाची आहेत, ते मोजावे का?

मोजायला हरकत नाही, पण त्यातून फारसे हाती लागत नाही. आमच्या मते पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे साक्ष. गुन्हा घडल्यावर कोणी काय पाहिले, ते कोणाला सांगता आले, आणि सांगितल्यावर त्याचे कोणी ऐकले का? जुन्या हिंदी रहस्यपटांत गुन्ह्याची उकल करणारा नायक जवळजवळ नेहमी एकाच साच्याचा असतो: तरुण, गोरा, सुशिक्षित, नीटनेटक्या कोटातला. तेथे विविधता शोधणे व्यर्थ आहे. पण त्या नायकाला वाट दाखवणारा साक्षीदार हा पुष्कळदा खिसेकापू असतो, नर्तकी असते, नोकर असतो, आणि या चित्रपटांनी जे काही धाडस केले ते या दुय्यम जागेत केले.

याचे एखादे ठळक उदाहरण?

'सी. आय. डी.' (१९५६). निर्माते गुरुदत्त, दिग्दर्शक राज खोसला, नायक देव आनंद. एका वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो. प्रत्यक्ष खून कोणी केला हे प्रेक्षकाला लवकरच कळते (ते काम मेहमूदने केले आहे, आणि त्याला विनोदी नट म्हणूनच ओळखणाऱ्या तरुण मंडळींना तो धक्काच असतो). तो करविला कोणी, हे खरे रहस्य. इन्स्पेक्टर शेखरच्या हाती जो महत्त्वाचा साक्षीदार लागतो तो आहे मास्टर नावाचा खिसेकापू, आणि ही भूमिका जॉनी वॉकर यांची आहे.

जॉनी वॉकर म्हणजे आपल्या इंदूरचे बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. त्यांचे वडील येथल्या कापड गिरणीत कामाला होते. ते काम सुटल्यावर कुटुंब मुंबईला गेले, आणि बद्रुद्दीनने तेथे बस कंडक्टरची नोकरी केली. मद्याच्या एका प्रसिद्ध ब्रँडवरून त्यांना पडद्यावरचे नाव दिले ते गुरुदत्त यांनी. स्वतः जॉनी वॉकर दारूला शिवत नसत. या चित्रपटातले त्यांचे मुंबईवरचे गाणे सर्वांना पाठ असते. त्या गाण्यात शहरातल्या इमारती, ट्राम, मोटारी आणि गिरण्या यांची यादी येते, आणि ज्याला घर नाही त्याला हे शहर उनाड ठरवते, अशी तक्रार हसत हसत केलेली आहे. खिसेकापू असूनही हा माणूस प्रेक्षकाला लबाड वाटत नाही, याचे श्रेय संहितेला आहेच. परंतु गिरणी बंद झाल्यावर घर कसे उठते हे पाहिलेल्या नटाच्या चेहऱ्याचाही त्यात वाटा असावा, असे आम्हाला वाटते. सरकारी यंत्रणेला एका भुरट्या चोराच्या शब्दावर उभे राहावे लागते, ही १९५६ साली साधी गोष्ट नव्हती.

नायकांना आडनाव का नसते?

मराठी घरात नवा माणूस आला की दुसरा प्रश्न आडनावाचा असतो, त्यामुळे आपल्या लोकांच्या हे पटकन लक्षात येते. 'सी. आय. डी.'मधला शेखर, 'काला पानी'मधला करण, 'गुमनाम'मधला आनंद, 'ज्वेल थीफ'मधला विनय: ही नावे बहुधा एकटीच वावरतात. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत साऱ्या देशाला आपलासा वाटेल असा नायक घडवायचा होता आणि आडनाव आले की जात, प्रांत आणि भाषा ही तिन्ही सोबत येतात, म्हणून ते गाळले गेले, असे याचे सरळ स्पष्टीकरण देता येते.

ते खरेही आहे, पण अपुरे आहे. आडनाव गाळल्याने जात जात नाही. ती बंगल्याच्या दिवाणखान्यात, बोलण्याच्या ढंगात आणि 'रामू काका' नावाच्या नोकरात दिसतच राहते. ज्याला आडनाव नाही तो नायक आपोआप वरच्या जातीचा समजला जातो, आणि दलित किंवा आदिवासी गुप्तहेर ही कल्पना या सबंध काळात आम्हाला कोठे आढळलेली नाही.

या संदर्भात 'बीस साल बाद' (१९६२) आवर्जून पाहावा. शेरलॉक होम्सच्या एका प्रसिद्ध कथेचा सांगाडा त्यात आहे, पण शापाचे कारण पूर्णपणे आपल्या मातीतले आहे: जमीनदाराने गावातल्या एका मुलीवर अत्याचार केला, तिने जीव दिला, आणि तेव्हापासून त्या घराण्यातले पुरुष मरू लागले. गावात सत्ता कोणाची आणि अंगण कोणाचे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितले नव्हते. मात्र त्या मुलीला न्याय मागण्यासाठी पंचायत नाही, फौजदार नाही, कोर्ट नाही. तिच्या वाट्याला रात्री दलदलीवरून येणारे एक गाणे तेवढे आहे. ते गाणे लता मंगेशकरांनी गायले आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. लताबाईंचा जन्म इंदूरचा, त्यामुळे येथे त्या गाण्याच्या वेळी कोणी बोलत नाही. आवाज मिळाला, साक्ष मिळाली नाही, हे मात्र गाणे संपल्यावर बोलायला हवे.

वाईट चालीची बाई नेहमी ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियनच का असते?

कारण तिच्याकडून जे करवून घ्यायचे होते ते 'घरंदाज' हिंदू किंवा मुसलमान स्त्रीपात्राकडून करवून घेण्याची निर्मात्यांची तयारी नव्हती. क्लबात गाणे, सिगारेट ओढणे, परक्या पुरुषाशी मोकळेपणाने बोलणे, ही सारी कामे किटी, रोझी आणि लिली यांच्याकडे सोपवली गेली. या नावांमागे खरा समाज होता. रेल्वेत, तार खात्यात, रुग्णालयांत आणि शाळांत काम करणाऱ्या अँग्लो-इंडियन स्त्रिया महूच्या छावणीत आणि रतलामच्या रेल्वे वसाहतीत आपल्या भागातल्या लोकांनी जवळून पाहिल्या होत्या, त्यांच्या हाताखाली शिकल्याही होत्या. पण पडद्यावरची मिस किटी कधी तार पाठवताना किंवा रुग्णाचा ताप पाहताना दिसत नाही.

या साच्याचे सर्वांत मोठे ओझे हेलन यांनी वाहिले. त्यांचा जन्म रंगूनचा, आई ब्रह्मी आणि वडील अँग्लो-इंडियन. दुसऱ्या महायुद्धात वडील गेले आणि उरलेले कुटुंब ब्रह्मदेशातून जंगले तुडवीत पायी आसामपर्यंत आले, तेथून कलकत्ता आणि मग मुंबई. ज्या मुलीचे स्वतःचे बालपण एखाद्या थरारपटाहून कठीण होते, तिला थरारपटांनी वर्षानुवर्षे तीन-चार मिनिटांचे नृत्य दिले. 'गुमनाम' (१९६५) मध्ये त्यांची भूमिका त्या मानाने मोठी आहे. पण मिस किटीही मारली जाते. क्लबातल्या बाईला गुपित ठाऊक असते, ती ते सांगण्याच्या बेतात असते आणि तेवढ्यात गोळी सुटते, हा प्रकार या चित्रपटांत इतका वारंवार येतो की आमच्याकडची मुले आता आधीच बोटे मोजू लागतात.

अपवादही आहेत. शक्ती सामंता यांच्या 'हावडा ब्रिज' (१९५८) मध्ये हॉटेलात गाणारी एडना ही नायिकाच आहे, ती भूमिका मधुबालांची आहे, आणि आपले नाव बदलून किंवा पापक्षालन करून तिला नायकाला पात्र व्हावे लागत नाही. राज खोसलांच्या 'काला पानी' (१९५८) मध्ये नायकाचा बाप दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात खितपत पडला आहे, आणि त्याचे निर्दोषत्व सिद्ध करणारा कागद किशोरी नावाच्या तवायफेजवळ आहे. ही भूमिका नलिनी जयवंत यांनी केली. ती खोटारडी आहे, लोभी आहे, प्रेमात पडलेली आहे आणि अखेर सारा खटला तिच्या निर्णयावर येऊन थांबतो. नलिनीबाईंना त्यासाठी फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि आमच्या मते त्या चित्रपटाची खरी नायिका त्याच आहेत.

'हावडा ब्रिज'मधला चिनी खलनायक पाहताना अवघडल्यासारखे होते. ते बरोबर आहे का?

बरोबर आहे. चँग नावाच्या त्या पात्राचे काम मदन पुरी या पंजाबी नटाने केले आहे. कलकत्त्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी वस्ती आहे. त्यांच्या जोड्यांच्या दुकानांना, कातडी कमावण्याच्या कारखान्यांना आणि सुतारकामाला त्या शहरात मोठे नाव होते. चित्रपटाने त्यातला चांभार घेतला नाही, सुतार घेतला नाही, तस्कर घेतला. पुढे चारच वर्षांनी, १९६२ च्या युद्धात, चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीय रहिवाशांना राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत नेऊन डांबण्यात आले. एका चित्रपटामुळे असे घडत नाही, हे उघड आहे. पण शेजारचा माणूस परका आणि संशयास्पद आहे, हे चित्र आधीच डोळ्यांत बसलेले असले की त्याला उचलून नेताना फारसे कोणी विचारत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण बी. आर. चोप्रांच्या 'धुंद' (१९७३) मध्ये मिळते. सिक्कीमचे डॅनी डेन्झोंग्पा, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेले, त्यात एका ठाकूर जमीनदाराची भूमिका करतात, आणि त्यांच्या चेहरेपट्टीविषयी चित्रपटात कोणी अवाक्षर काढत नाही. हे ठरवून केले की निव्वळ चांगला नट हवा म्हणून केले, हा प्रश्न आम्हाला गौण वाटतो. पडद्यावर ते शोभले, आणि प्रेक्षकांनी ते मान्य केले.

'गुमनाम'मधल्या काळ्या रंगावरच्या गाण्याला हसावे की नाही?

दिग्दर्शक राजा नवाथे यांच्या या चित्रपटात एका अनोळखी ठिकाणी अडकलेल्या माणसांचा एकेक करून खून होतो. कल्पना ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या कादंबरीवरून घेतलेली आहे, आणि त्या कादंबरीच्या मूळ इंग्रजी नावातच कृष्णवर्णीयांविषयीचा एक हीन शब्द होता. अमेरिकेत तो १९४० सालीच बदलला, ब्रिटनमध्ये मात्र १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिला. योगायोग असा की, हिंदीत आल्यावरही रंगाचा विषय तिला सोडून गेला नाही.

मेहमूद यांनी केलेला खानसामा लुंगी नेसतो, दखनी ढंगाची हिंदी बोलतो, आणि आपण काळे असलो तरी मन मोठे आहे, असे स्वप्नातल्या गाण्यात हेलनला पटवून देतो. गाण्याची चाल आणि मेहमूद यांची लय यांच्यापुढे हसू आवरत नाही, आणि ते आवरावे असे आमचे म्हणणेही नाही. तक्रार वेगळी आहे: काळ्या माणसाचे प्रेम हा विनोद आहे आणि गोऱ्या नायकाचे प्रेम ही कथा आहे, ही वाटणी प्रेक्षकाने न बोलता मान्य करावी अशी अपेक्षा त्यात आहे. आमच्याकडे हा चित्रपट दाखवला तेव्हा सगळे मनमुराद हसले. मग एका काकूंनी शांतपणे सांगितले की, त्यांच्या लग्नाच्या वेळी पाहायला आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी बाहेर पडताना हेच गाणे गुणगुणले होते. त्यानंतर त्या संध्याकाळी चर्चा लवकर आटोपली.

स्त्री गुप्तहेर अजिबातच नव्हती का?

नावाला होती. नादिया यांना आद्य म्हणता येईल: ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, सोनेरी केसांच्या या बाईंनी वाडिया मूव्हीटोनच्या 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) मध्ये सविता होऊन खुनाच्या आरोपात अडकलेल्या बापाला सोडवले आणि आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या केल्या. गोरी बाई सविता म्हणून चालली आणि सावळा माणूस नायक म्हणून चालला नाही, यात त्या काळाचे बरेच काही आले. पुढच्या काळात 'काला पानी'मधली मधुबाला वृत्तपत्राची वार्ताहर आहे आणि तपासाला हातभार लावते, पण शेवटच्या टप्प्यात तिला बाजूला व्हावे लागते.

इंग्लंडमध्ये मार्गारेट रदरफोर्ड यांनी १९६१ ते १९६४ या काळात मिस मार्पलचे चार चित्रपट केले, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. वाड्यातल्या आत्याबाईंना जसे कोणाच्या घरी काय शिजते आहे आणि का शिजते आहे हे न विचारता कळते, तशी ही मार्पल. पोलीस तिचे ऐकत नाहीत, आणि अखेर तिचेच खरे निघते. एवढी साधी आणि हुकमी कल्पना आपल्याकडे इतक्या आत्याबाई असताना कोणी उचलली नाही, याचे आश्चर्य वाटते. ललिता पवार यांना अशी एक भूमिका मिळायला हवी होती.

मराठी माणूस या चित्रपटांत कोठे आहे?

कॅमेऱ्यामागे भरपूर, पुढे कमी. 'गुमनाम'चे दिग्दर्शक मराठी, आणि 'कानून', 'गुमनाम' व 'इत्तेफाक' या तिन्ही चित्रपटांत काम करणाऱ्या नंदा म्हणजे मास्टर विनायकांच्या कन्या. पण पात्र म्हणून मराठी माणूस मुख्यतः हवालदार, गडी किंवा मोलकरीण होऊन येतो. 'इत्तेफाक' (१९६९) हा यश चोप्रांचा गाणी नसलेला चित्रपट 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून घेतला आहे, आणि त्यातल्या तपास अधिकाऱ्याचे नाव कर्वे आहे. हे कर्वे साकारले इफ्तेखार यांनी. शांत, मोजके बोलणारे, समोरच्याला पूर्ण बोलू देणारे इन्स्पेक्टर कर्वे पाहून आमच्याकडच्या ज्येष्ठांना फार बरे वाटते, आणि एका मुसलमान नटाने मराठी अधिकारी इतका विश्वासार्ह उभा करावा यात त्यांना काही विशेष वाटत नाही, हेही आम्हाला आवडते.

खुद्द मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आहे. मीच तुमची पत्नी आहे, असे भर कोर्टात सांगणारी स्त्री आणि ते मानायला तयार नसलेला नवरा, असा पेच त्यात भावना आणि काशिनाथ घाणेकर यांच्यात रंगतो. दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून 'मेरा साया' काढला तेव्हा कथा उदयपूरच्या ठाकूर घराण्यात गेली. हवेली आली, तलाव आले, नायिका साधना यांचे बरेलीच्या बाजाराचे गाणे आले. गाभा मात्र तोच राहिला आणि तो आमच्या मुद्द्याचाच आहे: स्त्री स्वतःविषयी जे सांगते त्याला पुरावा मानायचे की नाही.

इंदूर, देवास, धार किंवा ग्वाल्हेर येथला, घरात मराठी आणि चौकात माळवी-हिंदी बोलणारा मराठी माणूस यांपैकी कशातच नाही. त्याची तक्रार आम्ही फार ताणत नाही. पण लहान समाज पडद्यावर नसतो म्हणजे काय, हे समजायला आम्हाला दूर जावे लागत नाही.

सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली गुप्तहेराविषयी काय म्हणता येईल?

'शोनार केल्ला' (१९७४) आणि 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) हे दोन्ही चित्रपट उत्तमच आहेत, आणि दोन्हींत स्त्रिया जवळजवळ नाहीत. किशोर वाचकांसाठीच्या कथांवरून ते आले, एवढे कारण पुरेसे वाटत नाही. किशोरांच्या घरातही बायका असतात.

परदेशी चित्रपटांत चार्ली चॅनचे नाव नेहमी येते. तो आदर होता की थट्टा?

दोन्ही. होनोलुलूच्या पोलीस दलातला हा चिनी अधिकारी बुद्धिमान आहे, कुटुंबवत्सल आहे, आणि त्याला हिणवणारे गोरे शेवटी तोंडघशी पडतात. त्या काळच्या कपटी चिनी खलनायकांच्या तुलनेत हा फार मोठा फरक होता. पण १९३१ पासून ती भूमिका स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंड यांनी केली, त्यांच्या मृत्यूनंतर सिडनी टोलर यांनी, आणि चॅनच्या मुलाचे काम करणारे केई ल्यूक मात्र खरोखर चिनी वंशाचे होते. बाप बनावट आणि मुलगा अस्सल, अशी ही अजब वंशावळ. ओलंड १९३६ साली शांघायला गेले तेव्हा तेथे त्यांचे जोरात स्वागत झाले, हेही नमूद करायला हवे; आपल्यासारखा दिसणारा माणूस एकदाचा शहाणा दाखवला, याचा आनंद लोकांना बनावट रंगभूषेपेक्षा मोठा वाटला असावा.

तेव्हाच्या अमेरिकी चित्रपटांवर १९३४ पासून काटेकोरपणे राबवलेली एक नियमावली होती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींचे प्रेमसंबंध दाखवायला तिने मनाई केली होती, आणि समलिंगी संबंधांचा उल्लेखही तिला चालत नव्हता. त्यामुळे बरेच काही वळसा घालून सांगितले जाई. 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) मध्ये पीटर लोरी यांचे पात्र आत येण्याआधी त्याचे सुगंधी भेटकार्ड येते, सचिव ते हुंगते, आणि जाणकार प्रेक्षक काय ते समजून घेतो. खरी वाट मोकळी केली ती पुन्हा बेसिल डिअर्डन यांनीच, 'व्हिक्टिम' (१९६१) मध्ये. पुरुषांमधला समलिंगी संबंध तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होता, आणि त्या कायद्यामुळेच खंडणीखोरांचे फावते, हा त्या रहस्यपटाचा विषय आहे. डर्क बोगार्ड यांनी त्यातला बॅरिस्टर केला. १९६७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये तो कायदा सैल झाला.

'इन द हीट ऑफ द नाइट' इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण संशयित आणि गुप्तहेर या दोन जागा त्याने एकाच माणसाला दिल्या. मिसिसिपीतल्या एका गावात खून होतो. रात्री रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेला एक कृष्णवर्णीय माणूस पोलिसाला दिसतो, त्याच्या पाकिटात पैसे सापडतात, आणि तेवढ्या पुराव्यावर त्याला पकडून आणले जाते. ठाण्यात कळते की तो फिलाडेल्फियाचा खुनांच्या तपासातला निष्णात अधिकारी आहे. सिडनी पॉटिए यांनी हा व्हर्जिल टिब्स साकारला. कापसाच्या मळ्याचा मालक त्याच्या थोबाडीत मारतो आणि क्षणाचाही विलंब न लावता टिब्स ती परत करतो, हा प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. मालक नंतर पोलीसप्रमुखाला विचारतो की तू पाहिलेस ना, आता काय करणार, आणि प्रमुखाला उत्तर सुचत नाही.

कथा मिसिसिपीची असली तरी बहुतेक चित्रीकरण उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यात झाले, कारण दक्षिणेत जाणे पॉटिए यांना सुरक्षित वाटत नव्हते. चित्रपट १९६७ चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले तो समारंभ मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता. अभिनयाचे पारितोषिक पोलीसप्रमुखाच्या भूमिकेसाठी रॉड स्टायगर यांना मिळाले. पॉटिए यांना नामांकनही नव्हते.

अपंग पात्रांविषयी काय?

थोडक्यात सांगायचे तर वाईट. शारीरिक व्यंग हे मनाच्या व्यंगाची खूण म्हणून वापरण्याची सवय या प्रकाराला फार आहे. वर कौतुक केलेल्या 'धुंद'मधलाच चाकांच्या खुर्चीतला जमीनदार क्रूर आहे, आणि खुर्ची व क्रौर्य यांची सांगड चित्रपट मुद्दाम घालतो. हिचकॉक यांच्या 'रिअर विंडो' (१९५४) मध्ये नायक पाय मोडून खुर्चीत आहे खरा, पण ते दुखणे तात्पुरते आहे.

हे चित्रपट शाळकरी मुलांना दाखवावेत का? खटकणारे भाग कापावेत का?

दाखवावेत; कापू नयेत. कापलेला प्रसंग मुले नंतर मोबाइलवर शोधतातच, आणि मग तो आपल्याशिवाय पाहतात. आम्ही सुरुवातीला भाषण देत नाही. मध्यंतराला चित्रपट थांबवून प्रत्येकाने आपला संशय एका चिठ्ठीवर लिहायचा, आणि शेवटी त्याच चिठ्ठीवर त्या माणसाचा संशय का आला हे लिहायचे, एवढेच करतो. चिठ्ठ्या मोठ्याने वाचताना मोठ्यांची जास्त पंचाईत होते.

सुरुवात कोठून करावी?

घरात ज्येष्ठ असतील तर 'सी. आय. डी.'पासून, कारण गाणी ओळखीची असतात आणि जॉनी वॉकर इंदूरचे म्हटल्यावर सगळे सावरून बसतात. त्याच आठवड्यात 'काला पानी' पाहिला तर खिसेकापूची साक्ष आणि तवायफेची साक्ष शेजारी ठेवून बोलता येते. तरुणांसाठी 'इत्तेफाक' बरा. तो आटोपशीर आहे. 'पाठलाग' आणि 'मेरा साया' पाठोपाठ पाहायचे असतील तर मराठी आधी पाहावा, नाही तर 'मेरा साया'तली गाणी डोक्यात घोळत राहतात. 'गुमनाम'साठी चर्चेला वेळ राखून ठेवावा, आणि 'इन द हीट ऑफ द नाइट' रात्रीच्या जेवणानंतर लावू नये, कारण तो संपल्यावर लोक बोलत बसतात आणि शेजाऱ्यांची झोपमोड होते.